अमावस्येची मोजणी

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी अजून तुमचीच दुर्बीण घेऊन हिंडतो. मार्चच्या अमावस्येला अख्खी रात्र जागायचं आणि आकाशातले शंभरावर अंधूक ठिपके, तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका, एकामागून एक हुडकायचे, हे वेड तुम्हीच लावलंत. राजपुऱ्यातल्या तुमच्या गच्चीवर तुम्ही एकदा दुर्बिणीचं टोपण न काढताच मला विचारलं होतं, "दिसलं का?" मी लगेच "हो सर" म्हणालो. तुम्ही ते टोपण काढून माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, "न दिसलेलं दिसलं म्हणणाऱ्यानं आकाशाच्या नादी लागू नये." बरेच दिवस मी तुमच्या गल्लीत फिरकलो नाही. पुढे दुर्बीण मात्र तुम्ही मलाच दिलीत.

आता शहरातून काही दिसत नाही, म्हणून यंदा मी मुलीला घेऊन तुकईथडच्या पुढे एका ओळखीच्या माणसाच्या वावरात गेलो. मालक बुऱ्हाणपुरात राहतो, त्याला विचारलं होतं. शेजारच्या वस्तीला सांगून ठेवावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मध्यरात्रीपर्यंत आमचं झकास चाललेलं. डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चला लाल कागद लावलेला, मुलगी यादीतला आकडा सांगते, मी शोधतो, ती बघून "मिल गया" म्हणते. कन्या राशीतल्या दीर्घिकांपाशी पोचलो आणि केळीच्या बागेतून माणसं आली. दहा-बारा असतील. हातात काठ्या. त्यांनी पाहिलं ते एवढंच: अमावस्या, लाल उजेड, आकडे पुटपुटणारा माणूस आणि सोबत एक पोरगी.

"गुप्तधन काढून ऱ्हायले ना? पोरीला कशाला आनली?"

एका बाईनं मुलीचा हात धरून तिला आपल्यामागे ओढलं. ती तिला माझ्यापासून वाचवत होती. मुलगी रडवेली होऊन सांगतेय, "मेरे पप्पा हैं ये," आणि बाई म्हणतेय, "तू भिऊ नको माय, इकडंच थांब." मालकाचा फोन लागत नव्हता. मी खरं तेच सांगितलं, तारे बघतोय म्हणून. त्यांच्यातला साठीचा एक माणूस वाकून दुर्बिणीला डोळा लावतो. आत दीर्घिका आहे, सरावलेल्या डोळ्यालाही तिरकं बघितल्यावर जेमतेम दिसणारी. तो उठतो. "काही नाही हाये याच्यात. नुसता अंधार हाये." कुणीतरी माझी कॉलर धरली. एखादा ठळक तारा दाखवावा, तर मला दुर्बिणीला हात लावू देईनात. डोक्याशी काठी उगारलेली दिसली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सरकारी मोजणी आहे. रोडची."

कॉलर सुटली, काठ्या खाली गेल्या. बाईनं हात सोडल्याबरोबर मुलगी धावत येऊन मला बिलगली.

मग वस्तीवरून आमच्यासाठी चहा आला. आम्ही सामान आवरत होतो, तेव्हा तो साठीचा माणूस जवळ आला. मघाशी दुर्बिणीत नुसता अंधार आहे म्हणणारा, आता हात जोडून उभा. "साहेब, इथूनच जाऊन ऱ्हायला का रोड? ते बाजूचं वावर माझं हाये. विहीर यंदाच खोदली. जरा बाजूनं घेता येईन का?" मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, सच बोल दो ना."

परत जाऊन त्याला खरं सांगावं असं रोज वाटतं, पण तुकईथडच्या वाटेला मी अजून गेलेलो नाही. घरी मी सांगितलंय की जे बोललो ते सगळं भीतीपोटी तोंडून निघून गेलं. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. त्यानं विहिरीचं विचारलं तेव्हा कुणी रागात नव्हतं, सर. काठ्या बांधावर टाकून ती माणसं आमचं सामान गाडीत ठेवू लागत होती. मला कशाचीच भीती राहिली नव्हती, आणि मी त्याला म्हणालो, "बघतो."