शंभर टक्के गरज

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, म्हणून कागदावरच घालतोय.) तुझी कंबर कशी आहे? अक्षराला हसू नकोस. रंध्याचा हात आहे, लेखणीचा नव्हे.

आमच्या गल्लीतल्या निर्वासित मदत मंडळाशी तीन कॉलेजांनी निर्वासितांच्या गरजांची पाहणी करायचा करार केलाय. मी मंडळाचा सुतार, म्हणजे बाकं दुरुस्त करायची आणि चहा प्यायचा. आता झालं काय, कॉलेजं तीन, विद्यार्थी चाळीस, आणि सध्या निर्वासित कुटुंब एकच: लढाईतून नेसत्या कपड्यांनिशी निघालेली एक आई आणि तिची सतरा वर्षांची लेक. नवरी एक आणि वऱ्हाड गावभर! एका तुकडीने दोघींचं वजन केलं, दुसरीने तासाभरात पुन्हा केलं (मधल्या चहाबिस्किटांनी जे वाढलं, त्याची ‘प्रगती’ म्हणून नोंद झाली). प्रत्येक जण विचारी, तुमची गरज काय? बाई सांगे, लेकीला कॉलेजात घ्या. पोरं मान डोलवत लिहून घेत, आभार मानत, की दुसरी तुकडी दारात. शेवटी ती माउली कडी काढतानाच उत्तर देऊ लागली.

परवा तिन्ही प्राचार्य जमले. पडद्यावर आलेख लागला: सर्वांत मोठी गरज कॉलेजप्रवेश, शंभर टक्के. टाळ्या झाल्या. लेक माझ्या शेजारी होती, तीही टाळ्या वाजवू लागली. बिचारीला वाटलं, मिळाला प्रवेश. मग मला राहवेना. डगमगतं टेबल धरून बसलो होतो, तिथूनच म्हणालो, "साहेब, हा माल तुमच्याच दुकानात मिळतो ना?"

मोठे प्राचार्य चष्मा पुसत म्हणाले, "आजोबा, मी घेतो तिला. पण गुणपत्रिका कुठाय?"

घरच जळालं, तिथे गुणपत्रिका कुठली. मात्र नियम चाळता चाळता एक फट सापडली: निवृत्त मुख्याध्यापकाने परीक्षा घेऊन लेखी दिलं तर चालतं. मुदत शनिवारपर्यंत.

बाकी सगळं क्षेम.

तुझा धाकटा

ता. क. मुख्याध्यापिकाही चालते, मी विचारून घेतलं. तू एकतीस वर्षं होतीस. गुरुवारी निघ.

ता. क. आणखी एक. तुझ्या खोलीला कुलूप आहे असं मागे लिहिलं, ते खोटं. दोघी महिनाभर तिथेच आहेत. पोरगी तुझी गणिताची पुस्तकं काढून बसते. समासात तू लिहिलेलं एक उत्तर चुकलंय म्हणते. मला त्यातलं कळत नाही. तूच येऊन बघ.