आयेने केलेले गोळ्यांचे दोन वाटे

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला मला आता आरशात बघावं लागतं. चौथी शिकलेली मी, अक्षर वाकडंच येणार. वाचायला तू कुठे आहेस म्हणा.

नातीला टीबी झालाय. साधा नाही, नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा. मोठ्या हॉस्पिटलातली डॉक्टरीण म्हणाली, "आजी, जंतूच्या आत त्याची बारीक लिपी असते. तिच्यातलं एखादं अक्षर कधी आपोआप बदलतं. मग गोळीने त्याला जिथे धरायचं, ती जागाच बदलते." मी म्हटलं, "म्हणजे वाम मासो. धरूक गेला की सुळकन निसाटता." ती हसली. "तसंच. पुरतं औषध घेतलं तर सगळे मरतात. कमी पडलं की साधे मरतात, निसटणारे उरतात, आणि पुढे त्यांचीच पिलावळ वाढते."

मला बाकावर बसल्या जागी तुझी चूल दिसली. माझं लग्न ठरलंय. मी पदरात तोंड खुपसून खोकतेय, पदराला रक्ताचा ठिपका. तुझ्या खोकल्याच्या गोळ्या तू सरकारी दवाखान्यातून आणल्यास, त्या पाटावर ओततेस आणि आपल्या तोंडवलीच्या किनाऱ्यावर वाळूत रापणीच्या जाळ्यातला मासा वाटतात तसे दोन ढीग करतेस. "ह्यो तुझो वाटो, ह्यो माझो. तू दवाखान्यात गेलंस तर लगीन मोडात. गप गीळ." ढीग अगदी सारखे. कोणाला कमी नको, हा तुझा न्याय. कमी दोघींनाही पडलं, आये.

माझा खोकला थांबला, लग्न झालं. तू दोन पावसाळे काढलेस आणि गेलीस. हा जंतू छातीत वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि म्हातारपणी उठतो, हे मला आत्ता कळतंय. गेल्या शिमग्यापासून मी परत खोकत होते. नात विचारायची, "आज्ये, कित्याक खोकतस गो?" "तिखटाचो ठसको," म्हणायचे आणि तिच्याच शेजारी अंथरूण घालायचे.

आता ती ओंजळभर गोळ्या गिळते, ओकते, परत गिळते. पायांना मुंग्या येतात म्हणून रडते. "आज्ये, मी वाचतलंय मां?" "वाचशीत नाय तर खंय जाशीत? गीळ," म्हणते मी, आणि मागीलदारी जाऊन भिंतीवर डोकं आपटते. मला ने म्हणून सांगायचं तरी कोणाला? देवालाही माझा जंतू नको असेल.

काल डॉक्टरणीने माझ्याही हातात थुंकीची डबी दिली. दोघींच्या जंतूंची लिपी ताडून बघता येते म्हणे, कोणाचा कोणाला गेला ते कळतं. डबी अजून कोरडी आहे. मग तिने विचारलं, घरात आधी कोणाला टीबी होता का. मी म्हटलं, माझ्या आयेला. तिने गोळ्या अर्ध्याच घेतल्या.

"आणि उरलेल्या अर्ध्या?"

मी म्हटलं, समुद्रात टाकल्या तिने.