रविवारी मी मावशीकडे जात नव्हते

प्रिय दैवशाला,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून काल काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “तिनं सीएची समदी पुस्तकं गोणीत बांधून ठेवली. म्हणती, याला डोकं लागतं, ते आपल्यात न्हाई.” तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. शनिवारी पुन्हा परीक्षेला बसायच्या फॉर्मची शेवटची तारीख आणि आज बुधवार. पोस्टाचा भरवसा वाटेना, म्हणून तुमच्या वाटूरच्या शाळेत शिकवणाऱ्या आमच्या शेजारच्या गिरिजाबाईंच्या हाती हे पत्र देतेय.

जुन्या जालन्यात आमच्या कापडदुकानाच्या वरच्या खोलीत आपण आठ महिने सोबत बसलो. अभ्यासाची तुझी रीत वेगळी होती. धडा एकदा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि समोर कुणी बसल्यासारखं मोठ्यानं समजावून सांगायचं. अडखळलीस की तेवढंच पुन्हा उघडून बघायचीस. मी हसले, “वेडी दिसतेस,” म्हणाले आणि माझ्या रंगीत नोट्स तुझ्यापुढे सरकवल्या. तू गुमान त्या वाचायला लागलीस. तीन-तीनदा, चार-चारदा. वाचलेलं ओळखीचं वाटायचं, म्हणून येतंय असंच तुला वाटत राहिलं.

त्याआधी क्लासच्या चाचणीत तुला माझ्यापेक्षा चौदा मार्क जास्त पडले होते, आठवतं? पप्पा जेवताना हसत म्हणाले, “रूपल, वाटूरची पोरगी पुढं गेली बरं.” त्यांच्या ते लक्षातही नसेल. मी मात्र ताट अर्धं टाकून उठले.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी तू अकाउंट्सच्या पेपरातून बाहेर आलीस आणि पायरीवरच बसलीस. कॅश फ्लोचं अख्खं गणित लिहायचं राहून गेलं होतं. “रूपल, समदं डोळ्यासमोर दिसून राह्यलं होतं, पण हातातून जल्दी उतरंना,” म्हणालीस. मी तुला पाणी दिलं. म्हटलं, पेपरच लांब होता. माझा पेपर दहा मिनिटं आधी संपला होता, हे मी बोलले नाही.

आता सांगते. दर रविवारी सकाळी मी मावशीकडे जात नव्हते. एका सरांकडे घड्याळ लावून तीन तासांचे पेपर लिहीत होते. पहिल्या पेपरात माझं निम्मंसुद्धा झालं नव्हतं. नवव्या पेपरापर्यंत हात बसला. तू एकदा विचारलं होतंस, “आपण वेळ लावून पेपर सोडवायचे का गं?” आणि मी म्हणाले, “आधी वाचन पक्कं होऊ दे.” मी जाणूनबुजून खोटं बोलले. तू पुन्हा माझ्यापुढे जाशील याची मला भीती वाटत होती.

मी पास झाले, तू राहिलीस. पेढे वाटले. तुझ्या घरी पेढा पाठवायची हिंमत झाली नाही.

सोबत ते नऊ पेपर आहेत, सरांनी तपासलेले. माझ्या चुका लाल शाईत दिसतील. तू कोऱ्या कागदावर सोडव, आणि तुझं ते मोठ्यानं बोलणं पुन्हा सुरू कर. तीच रीत बराबर होती. मला माफ करायलाच पाहिजे असं नाही. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पण डोकं नाही म्हणून तू मागे फिरतेयस आणि ते तुझ्या मनात मी घातलंय, हे मला सहन होत नाही. दैवशाला, शनिवारच्या आत फॉर्म भर.

तुझीच म्हणवून घ्यायला आज कचरणारी,
रूपल