भोकाच्या नाण्याला चकाकी

२ मार्च, सकाळ
आजपासून नाणेसंग्रह सीरियसली. बाबांची नाणी इतकी वर्षं कपाटात डब्यात पडून होती, ती अखेर जाणकाराच्या हाती आली. बाबा बसकंडक्टर. बॅगेत एखादं जुनं, वेगळं नाणं आलं की तेवढे पैसे खिशातून भरायचे आणि नाणं घरी आणायचे. सिस्टिम शून्य. मी सिस्टिम आणणार. अल्बम मागवला.

४ मार्च
नाणेप्रेमींच्या ग्रुपवर प्रवेश. एक फोटो टाकून 'प्राचीन' असं लिहिलं. ग्रुपमधल्या एका रिटायर्ड कॅशियरांनी नम्रपणे कळवलं की नाण्यावर साल स्पष्ट दिसतंय आणि त्या साली ते स्वतः शाळेत होते. भिंगवाला म्हणून एक आहे, तो नुसता हसला. जळतात लोक.

७ मार्च
बाबांची स्मरणशक्ती जवळजवळ गेलीच. बायकोला सिस्टर म्हणतात. मला काहीच म्हणत नाहीत. पण चहा झाला की बायको त्यांच्या हातात ते तांब्याचं, काळं, मध्ये भोक असलेलं नाणं ठेवते. त्यावर अंगठा फिरवत ते सांगायला लागतात, की शेवटच्या फेरीला हे बॅगेत आलं आणि डेपोत पोचतो तर निरोप, मुलगा झाला. मग वर बघून मला विचारतात, छोट्या, जेवलास का. रोज तेच. तरी मी ऑफिसला उशीर करून थांबतो, कारण फार बरं वाटतं. डॉक्टर म्हणाले, हे चालू ठेवा.

१० मार्च
रविवारी ग्रुपची बैठक. 'सर्वांत देखणं नाणं' अशी स्पर्धा आहे. भोकाचं नेणार. बायको म्हणाली, ते घराबाहेर नको. मी म्हटलं, नाण्याला काय पाय फुटणार आहेत? ती म्हणाली, तुमच्यावर भरवसा नाही, नाण्यावर आहे.

१३ मार्च, दुपार
काळं नाणं स्पर्धेला नेणं म्हणजे मळक्या शर्टात लग्नाला जाणं. लिंबू, मीठ, भांड्यांची पावडर, जुना टूथब्रश. आरशासारखं झालं. हात ओला होताच, म्हणून डब्यातली बाकीचीही उरकली. बाबांना हे आयुष्यभर सुचलं नाही.

१५ मार्च
कॅशियरांनी नाणं हातात घेतलं. मग विचारलं, घासलंत? मी कृती सांगितली. भिंगवाल्याने कपाळाला हात लावला. म्हणे, जुन्या नाण्याचा काळा थर हीच त्याची किंमत, तो परत येत नाही. पहिला नंबर एका कळकट नाण्याला. वशिला, दुसरं काय. बाणेदारपणे ग्रुप सोडला. संध्याकाळी परत घेण्याची विनंती पाठवली, त्यांना एक संधी म्हणून.

१६ मार्च, चहानंतर
बाबांनी अंगठा फिरवला. थांबले. नाणं खिडकीकडे धरलं. म्हणाले, हे नवं आहे, नवी मी ठेवत नाही. बायको कप उचलून आत गेली. बाबांचा आज मूड नव्हता.

१९ मार्च
मूडचा प्रश्न नाही. डब्यातली सगळी दाखवली. सगळी नवी म्हणाले. भोकाचं गॅसवर धरलं, चहात भिजवलं, तेल चोळलं. डाग पडले. कॅशियरांना फोन केला. आवाज न चढवता म्हणाले, तो थर बसायला माणसाचा जन्म जातो. उगाच घाबरवतात. खिशात ठेवायचं, घाम लागेल, महिन्याभरात काम होईल.

२४ मार्च
मीटिंगमध्येही खिशात अंगठ्याने चोळत बसतो. किंचित काळवंडलंय. बायको म्हणते, नाही. तिला बारकावे कळत नाहीत. छोट्या म्हणून हाक ऐकून किती दिवस झाले, ते मोजत नाही.

२ एप्रिल, चहानंतर
आज नाणं मीच दिलं, आणि बाबा, मी छोट्या, असंही सांगून टाकलं. त्यांनी नाणं उलटसुलट पाहिलं. ते माझ्या तळहातावर परत ठेवून माझी बोटं मिटली. अगदी प्रेमाने म्हणाले, साहेब, हे तुमचे उरलेले सुटे पैसे. आता जरा पुढे सरका, मागे माणसं उभी आहेत.
मी सरकलो.