सड्यावर उभं राहणं

बाबा, "हललीस तर लागेल," असं तुम्ही म्हणाला होतात. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. तुम्ही मे महिन्याच्या रजेवर मुंबईहून आला होतात आणि मला घरामागच्या सड्यावर, त्या उघड्या जांभ्या कातळावर, लांब नेऊन उभं केलं होतंत. मग मागे फिरलात, चालत चालत अगदी लहान दिसायला लागलात, आणि साहेबानं दिलेली ती लोखंडी डोक्याची काठी दोन्ही हातांनी धरून चेंडू मारायला लागलात. माझ्या दिशेनं. हे आज आठवायचं कारण म्हणजे तुमची नात, माझी लेक, परवा माहेरी आली आहे. नवऱ्यानं तिच्या कानाखाली मारलं, त्या कानानं तिला अजून नीट ऐकू येत नाही. उद्या दुपारी सासरची माणसं तिला न्यायला येणार आहेत, आणि तिला पाठवायचं की नाही हे मला सगळ्यांसमोर सांगायचं आहे.

तुम्ही कॅडी होतात. गोल्फच्या मैदानावर साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्या मागे चालायचं, हे काम. पण त्याआधी, रोज सकाळी साहेब सराव करायचे तेव्हा, तुम्हाला पुढे लांब जाऊन उभं राहावं लागे. साहेब चेंडू मारणार, तुम्ही वेचणार. प्रत्येक साहेबाचा आपला माणूस ठरलेला, आणि नेम त्या माणसावरच. चेंडू अंगावर आला तरी चांगला कॅडी हलत नाही, कारण तो हलला की साहेबाची खूण हलते. हे तुम्ही आम्हाला जेवताना शिकवायचात, दुसऱ्यांचे बाप पाढे शिकवतात तसं. तुमचा डावा डोळा त्याच मैदानावर गेला. "मी हाललो. माझीच चूक," असं तुम्ही येईल त्याला सांगायचात. "साहेबांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. कोण नेतो?" डोळा गेल्यावर साहेबांनी तुम्हाला आपली एक जुनी काठी बक्षीस दिली. ती तुम्ही देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर टांगलीत. आई देवांना पुसायची, तुम्ही काठीला खोबरेल लावायचात.

सड्यावर वाडीतले बापये चिऱ्यांच्या ढिगावर बसून बघतायत. भाऊ पहिल्याच चेंडूला काजूच्या झाडांमध्ये पळाला. त्या रजेत तुम्ही त्याच्याशी शब्द बोलला नाहीत. आता मी उभी आहे. तळपायाखाली कातळ तापलेला, हात पाठीमागे बांधलेले. ढिगावरून कोणीतरी ओरडतो, "अरे, पोरगी हाय का म्हसोबा? शेंदूर लावा तिला!" दुसरा तुम्हाला म्हणतो, "नेम धरायला लोकांना एक डोळा मिटायला लागतो. ह्याचा बरा, कायमचा मिटलेला!" सगळे हसतात. तुम्हीही हसता, सगळ्यांत मोठ्यानं, आणि चेंडू मारता. तो माझ्या डोक्यावरून शीळ घालत जातो. पुढचा पायाशी आपटून उडतो. मी हलत नाही. तुम्ही लांबून हात वर करून "शाबास!" म्हणता, आणि मला वाटतं, मरेपर्यंत इथेच उभं राहावं.

मग एक चेंडू मनगटावर बसला. तुम्ही सावकाश चालत आलात, मनगट बघितलंत आणि म्हणालात, "हाललीस." मी रडत रडत म्हटलं, नाही. "हालल्याशिवाय लागत नाय." स्वयंपाकघरात आई हळद-चुन्याचा लेप लावताना मी तिला शपथ घेऊन सांगितलं, आई, मी हलले नव्हते गं. तिनं तुमच्याकडे बघितलं. तुम्ही जेवत होतात. ती म्हणाली, "पापणी हालली असंल." त्यानंतर कितीतरी दिवस मी आरशासमोर डोळे न मिटता उभं राहायला शिकत होते. हाड वाकडं जुळलं. पोळी लाटताना ते मनगट अजून दुखतं, आणि इतकी वर्षं मी मनात तुमच्याच बाजूनं होते. पापणी हलली असणार.

तुमच्याबरोबर मुंबईत काम केलेला एक म्हातारा शेजारच्या वाडीत राहतो. लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी त्याच्याकडे गेले होते. त्यानं मला बसवलं, कोकम सरबत दिलं आणि तुमचं कौतुक सुरू केलं. "तुजा बापूस म्हंजे काय माणूस होता गो बाय! त्या दिवशी साहेबांनी खेळ मांडलान. कोनाचा मानूस आदी पळतो बघू. एकदम सगळे मारायला लागले. आमी पळालो. जीव कोनाला नको? हा एकटा उभा, देवळातल्या खांबासारखा."

मी म्हटलं, "पण ते तर सांगायचे, हललो म्हणून लागलं."

म्हातारा हसला. "नाय गो. मी माज्या डोळ्यांनी बगितला. हा तसूभर हालला नाय. चेंडू सरळ आला. साहेब तंवर हसत होता, खेळ जिंकलान ना तो! मंग गाडीत ह्याचा डोका माज्या मांडीवर, आनी साहेब फुडच्या शीटवरनं म्हनतो, 'तुम हिल गया. नहीं तो बच जाता.' ह्यानं तेच धरलान."

"तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?"

"कशाला सांगू? दुसऱ्या दिवशी मला पन तिथंच जायचा होता की."

बाबा, हे ऐकून मला राग यायला हवा होता. तो नंतर आला. घरी परतताना चढावर थांबून मी कितीतरी वेळ तो राग करत होते: साहेबाचा, तुमचा, आईचा. पण त्या म्हाताऱ्यासमोर बसले होते तेव्हा, सगळे पळाले आणि हा एकटा उभा राहिला, हे ऐकताना माझी छाती फुगली होती. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आणि परवा तुमची नात दारात आली. मी तिला पाणी दिलं, कान बघितला. ती म्हणाली, "आई, मी फक्त उलट उत्तर दिलं गं." मी म्हटलं, "मग कशाला दिलंस?" वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा आवाज माझा होता, पण ते म्हणताना मान जरा तिरकी झाली, उजव्या डोळ्यानं बघण्यासाठी तुम्ही करायचात तशी.  पोरगी दुखऱ्या कानावर तळवा ठेवून आत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी जेवणापुरतंच बोलते.

उद्याचं सगळं ठरल्यासारखं आहे. ह्यांनी सांगून ठेवलंय, पोहे कर, आवाज चढवू नकोस, चार लोक ऐकतात. विहीण ओटीवर बसेल, पोराचे गुण सांगेल, रागीट आहे पण मनानं चांगला म्हणेल. मग माझ्याकडे वळून विचारेल, "काय मग विहीणबाई, पाठवताय ना?" पोरगी दाराआड उभी राहून तिच्या चांगल्या कानानं ऐकत असेल. मी काय म्हणायचं ते मला माहीत आहे. दोन दिवस चुलीशी, विहिरीशी, एकटी असताना मी ते म्हणून बघतेय: नाही पाठवत. म्हणता येतं. पण एकटी असतानाच.

तुम्ही जाऊन वर्षं झाली; हे पत्र कुठे टाकायचं नाही, पेटवायचंही नाही. घडी करून पदराला खोचून ठेवेन झालं. तुम्ही कधी कोणाचं ऐकलेलं मी पाहिलं नाही. आईनं एकदा, उन्हात पोरीला नको, इतकंच म्हटलं होतं, तर तुम्ही त्या दिवशी मला संध्याकाळपर्यंत उभं ठेवलंत. तेव्हा हेही ऐकणार नाही, ठाऊक आहे. तरी मागते. उद्या ओटीवर मी बोलायला तोंड उघडेन, तेवढ्यापुरते गप्प राहा.