अक्काला न दाखवलेले घोडे

अण्णा, परवा शनिवारी अक्काला घेऊन मी तुमच्या घोड्यांकडे गेलो होतो. तुमच्या वेळचे घोडे आता नाहीत, पण आवार तेच आहे. व्हाइटफील्ड ओलांडून पुढे गेलं की दोन्ही बाजूंच्या अपार्टमेंटांच्या मधेच निलगिरीची एक रांग लागते आणि तिच्यामागे पत्र्याचा तबेला. श्रीमंतांचे घोडे आहेत, त्यांना धुवायचं, चारा घालायचा, आपल्याला काय करायचंय तिथं येऊन, असं तुम्ही शेवटपर्यंत सांगत राहिलात. मी मानलं. आता माझ्या गाड्या ऑफिसांसाठी धावतात. फोनवरच्या नुसत्या आवाजावरून ड्रायव्हर रस्त्यात आहे की चहाच्या टपरीवर ते मला कळतं. यशवंतपूरचे टायरवाले मला बघितलं की आधी हसतात आणि मग खरा भाव सांगतात. याला गंडवणं अवघड, असं लोक म्हणतात. तुम्हाला जमलं.

माझी एक बस शनिवारी एका कंपनीच्या लोकांना तिथे मदतीला नेते. तिचा ड्रायव्हर म्हणाला, ज्यांना चालता येत नाही त्यांना तिथे घोड्यावर बसवतात, लहानांना आणि मोठ्यांनाही. हे मी घरी अक्काला सांगितलं मात्र, तिने गाऊन नको म्हणून हट्ट धरला. गाऊनमध्ये घोड्यावर कसं बसणार? हिरवी सलवार शोधून काढायला लावली. वाटेत सिग्नलला गाडी थांबली की ती माझ्याकडे असं बघायची, जणू मीच मुद्दाम थांबवलीय.

तिथे सिमेंटचा उतार आहे, त्यावरून चाकांची खुर्ची थेट घोड्याच्या पाठीच्या उंचीला जाते. आमच्या आधी अपघातात कमरेखालचं बळ गेलेला एक तरुण होता. एकीने घोडीची दोरी धरलेली, दोघीजणी दोन बाजूंना. सगळं बोलणं कन्नडमध्ये चाललेलं. त्याला उचलायला हात घातले आणि डावीकडची म्हणाली, "सुटू दे." स्वच्छ मराठीत. मग तिघीही थांबल्या. त्या तरुणाच्या छातीतून श्वास बाहेर पडला, आणि मगच त्यांनी त्याला उचललं. फुलासारखा गेला वर.

अण्णा, मी एकदम लहानपणात गेलो. मी आपल्या स्वयंपाकघरात उभा आहे. आई चित्रान्न कालवतेय, अक्का तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसलीय. तुम्ही घोड्यांच्या नोकरीला लागायला अजून अवकाश आहे. मला खेळायला पळायचंय म्हणून मी अक्काला बखोटीला धरून खेचतो, तिचं अंग लाकडासारखं ताठ होतं, ती कळवळते. तुम्ही माझा हात बाजूला करता. "पोतं आहे का ते? श्वास सुटू दे आधी, मग उचल." मग तुम्ही तिच्यासमोर उकिडवे बसता आणि वाट बघता. तिचा श्वास सुटतो, अंग सैल होतं, तुम्ही तिला कडेवर घेता. ती तुमच्या शर्टात नाक खुपसते. पुढे त्या शर्टाला घोड्यांचा वास यायला लागला, तेव्हाही ती तसंच करायची.

मी त्या बायकांना विचारलं, हा शब्द तुमच्यात कुठून आला? त्यांना अर्थसुद्धा ठाऊक नव्हता, उचलताना म्हणायचं असतं एवढंच. तबेल्याच्या म्हाताऱ्या मालकीणबाई पुढे आल्या. म्हणाल्या, आमच्याकडे एक मराठी अण्णा होते, अशा मुलांना उचलून घोड्यावर बसवायला त्यांनीच सगळ्यांना शिकवलं. कुठे शिकलात विचारलं की म्हणायचे, घोड्यांनी शिकवलं. मी म्हणालो, मी त्यांचा मुलगा. बाईंनी माझे दोन्ही हात धरले. फार प्रेमाने बोलल्या तुमच्याबद्दल. मग त्यांची नजर जरा लांब, अक्काच्या खुर्चीकडे गेली. मी म्हणालो, ही माझी मोठी बहीण. बाईंचे हात सैल झाले. "पण अण्णांना तर एकच मुलगा होता ना?"

घोड्यांनी शिकवलं म्हणे!

धंद्याच्या सवयीने मी तुमची बाजू मांडून पाहिली. फुकटची सवलत मागतो असं त्यांना वाटू नये, म्हणून गप्प राहिला असाल. किंवा नुसती लाज. दोन्हींतलं काहीही धरलं तरी हिशोब जुळत नाही. दिवसभर दुसऱ्यांची मुलं घोड्यावर बसवून तुम्ही संध्याकाळी घरी यायचात आणि जिच्या अंगावरून ते सगळं शिकलात, तिला सांगायचात की आज उन्हाचा फार त्रास झाला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी अक्काचे पाय हलवून पाहिले. सावकाश, पुन्हा पुन्हा. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, खुब्याचे सांधे आता उघडत नाहीत, घोड्यावर पाय फाकवून बसणं जमणार नाही. विशीत आणलं असतं तर बसली असती. विशीत, अण्णा. तेव्हा तुम्ही रोज तिथेच होतात.

घोड्यावर नाही तर नाही, त्यांनी तिच्या तळव्याला पट्ट्याने ब्रश बांधून दिला. पांढऱ्या घोडीची मान तिच्या मांडीपर्यंत खाली आणली. अक्का बराच वेळ मानेवरून ब्रश फिरवत होती. मग तिने घोडीच्या मानेत नाक खुपसलं आणि म्हणाली, "अण्णा." तिच्या तोंडून एकेक शब्द यायला किती वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे. मी वाट बघत राहिलो. "अण्णा... इथे... होते?"

मी हो म्हणालो.

"इथे... माझ्यासारखे... यायचे, तेव्हा?"

नाही म्हणालो. हे सगळं तुमच्या पश्चात सुरू झालं, तुम्ही होतात तेव्हा नुसते श्रीमंतांचे घोडे होते, असं सांगितलं. तुमचंच वाक्य. सरी, म्हणाली ती, बरं म्हणावं तसं, आणि हातातला ब्रश दाखवून सोडायला सांगितलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. रागावून लिहायला बसलो, पण एक सांगायचं राहिलं होतं. गाडीत बसवताना मी तिच्यासमोर उकिडवा बसलो, तुमच्यासारखाच, आणि वाट बघितली. माझे कान चांगले आहेत, अण्णा. तिचा श्वास सुटलाच नाही. शेवटी तिला तशीच ताठ उचलावी लागली.