खोडलेली ओळ

अक्का,

दर पत्राच्या माथ्यावर मी ‘तीर्थरूप’ लिहायचो, कारण पत्र आधी दत्तोपंतांच्या हाती पडायचं. कचेरीबाहेर बसून ते लोकांचे अर्ज लिहायचे आणि तुला माझी पत्रं वाचून दाखवायचे. आज मधे वाचणारं कोणी नाही. म्हणून नुसतं अक्का.

दुपारी युगांडाहून पत्र आलं आणि तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालंय. परवा मुंबईची गाडी धरायची, तिथून आगबोट. परतीच्या परवान्याची मुदत संपायच्या आत मोंबाशा बंदरात पाय टेकला नाही, तर माझं तिकडचं इतक्या वर्षांचं राहणं मोजलंच जाणार नाही. जाऊ की राहू? हे मी आजवर तुलाच विचारत आलो. आता कोणाला विचारू?

आईबाप गेले तेव्हा मी किती लहान होतो, ते तुलाच माहीत. तू नवरा गेल्यावर अमरावतीला परत आलेलीस, अंबादेवीच्या देवळाबाहेर फुलं विकायचीस. मी फुलांत रमायचो, ते तुला आवडलं नाही. “हारात हात अडकवू नको, यंत्रात घाल,” म्हणालीस आणि मला अकोल्याच्या एका जिनिंग प्रेसमध्ये फिटरच्या हाताखाली नेऊन सोडलंस. पहिल्यांदा भेटायला आलीस, तेव्हा फाटकाशी उभी राहून माझ्याकडे बघत राहिलीस. माझ्या डोक्यावर सरकीचा फुफाटा, भुवयांत कापूस. “बाबू, तू तं माह्या आधी म्हातारा झाला,” म्हणालीस, आणि पदरानं माझे केस झटकलेस. मग गाडीची वेळ होईतो माझ्याकडे पाठ करून बसलीस. तेव्हा तू रडत होतीस का? मी कधी विचारलं नाही.

पुढं एका कच्छी शेटजींनी मला त्यांच्या युगांडातल्या कापसाच्या जिनवर न्यायचं ठरवलं. गावाचं नाव जिंजा. तू हसलीस. “जिन तं अकोल्यातबी हाय. तिच्यासाठी समुद्रापार काहून जाऊन राहिला?” मी म्हणालो, तिथं मला मिस्त्री करणार आहेत. रुमालात झेंडूचं बी बांधून दिलंस.

ते बी तिकडं उगवलं, हे मी लिहिलं होतं. एक मात्र लिहिलं नव्हतं. तिकडं आपल्यासारखे ऋतू नाहीत, झेंडू बारा महिने फुलतो. अंगण पिवळं झालं म्हणून दसरा आला, असं तिथं नाही. दसरा कधी आहे, हे मला तुझ्या पत्रावरून कळायचं. तरी मला ते गाव आवडायचं, अक्का. खोटं कशाला सांगू? तिथल्या प्रत्येक यंत्राचा आवाज मी ओळखतो. तिथली पोरं माझ्या हाताखाली तयार झाली. तिथं मी कोणीतरी आहे.

दुसरी मोठी लढाई संपली आणि तिकडं नव्या नियमांची बोलणी सुरू झाली. बाहेरून येणाऱ्यांना अडवायचं. जुने रहिवासी कायमचे राहू शकतील, पण त्यांनी सिद्ध करायचं की आता हेच आमचं घर. आमच्या जिनचे हेडक्लार्क गोव्याचे, सज्जन माणूस. त्यांनी माझा अर्ज हाती घेतला.

“वर्षं भरतात, नोकरी पक्की आहे,” ते म्हणाले. “पण तू दोनदा रजेवर घरी गेलास, लग्न केलं नाहीस, आणि अमरावतीच्या घरावर तुझं नाव आहे. परवाने देणारा साहेब म्हणेल, हा गडी उद्या परत जाणार.”

“मग काय करू?”

“बहिणीकडून लिहून आण. घर तिचं एकटीचं. भावाचं हिंदुस्थानात आता घर नाही, आणि तो परत येणार नाही.”

मी तसा मजकूर पाठवला. पाठवताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेच आज समजत नाही. कागदाचं काम ते कागदाचं काम, असं वाटलं.

तुझा कागद आला. खाली तुझा अंगठा, बाजूला मॅजिस्ट्रेटची सही. पहिली ओळ होती तशी: घर माझं एकटीचं. दुसरी, भावाचं घर नाही ही ओळ, शाईनं खोडलेली. साहेबानं विचारलं, ही खोडाखोड कसली? अर्ज बाजूला पडला. हेडक्लार्क म्हणाले, आता भरवसा देता येत नाही.

मग मी तुला ते पत्र लिहिलं. दोन पानी. त्यात मी लिहिलं की तुला माझं बस्तान बसलेलं बघवत नाही. तुझ्या एका अंगठ्यापायी मी ना इकडचा ना तिकडचा झालो.

त्याचं उत्तर आलं नाही. आली ती दत्तोपंतांची तार.

मी पोचलो तेव्हा तुझा तेरावाही होऊन गेला होता. तीन दिवसांचा ताप, इतकंच सगळे सांगतात. मी पंतांकडे गेलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मी विचारलं, “पंत, ती ओळ कोणी खोडली?”

“मीच. तिनं खोडायला लावली. दोनदा वाचून घेतलं तिनं. मग म्हणे, ‘पंत, हे खोटं हाय ना?’ मी म्हणालो, बाई, नुसता कागद आहे. तर म्हणे, ‘घर माह्यं म्हणा, कोणाचंबी म्हणा, मले त्याचं काही नाही. पण उद्या त्याईनं याले हाकलून देल्लं, तं हा कोन्या दारात उभा राहीन? मी लिहून देल्लं का त्याले घर नाही, तं इथलेबी त्याले तोच कागद दाखवतीन.’”

इतकी वर्षं कचेरीच्या दारात काढलेल्या पंतांना हे सुचलं नव्हतं. मला सुचलं नव्हतं. तुला कसं सुचलं, अक्का?

“आणि माझं शेवटचं पत्र?” मी विचारलं.

पंतांनी चष्मा काढला. “वाचलं. सगळं नाही वाचलं. ते बघवत नाही वगैरे, ते गाळलं मी.”

मला बरं वाटलं. पण ते घरापर्यंतही टिकलं नाही. सखू तुझ्या शेजारी फुलं घेऊन बसायची, तुझ्या उजव्या हातासारखी. ती म्हणाली, “तिले समजलं होतं, दादा. मले म्हणे, ‘पत्र दोन पानाचं, अन पंत एका पानाएवढंच वाचले. बाकीचं मी बाबूलेच विचारीन, आल्यावर.’”

“रागावली होती?”

“नाही. हार करत बसली. मंग म्हणे, ‘सोमवारी कचेरीत जातो अन तो म्हणते तसा अंगठा देऊन येतो.’ इतवारी ताप आला.”

मी हे पंतांना सांगितलं, तर ते मान हलवत राहिले. “ती असं करणारी नव्हती. सखूचं ऐकण्यात काही चुकलं असेल.” सखू म्हणते, पंतांनाच तू पुरती ठाऊक नव्हतीस. मी कोणाचं खरं मानू? आणि तू निघालीच होतीस, तर मन बदललं म्हणून, की माझं दुसरं पान न ऐकताही तुला ऐकू आलं म्हणून?

मागच्या आठवड्यात जुन्या नोकरीचा दाखला आणायला अकोल्याला गेलो होतो. मला शिकवणारे म्हातारे मिस्त्री अजून आहेत. म्हणाले, “राहून जा ना बाप्पा, माह्या जाग्यावर तुलेच बसवतीन.” मी यंत्रापाशी उभा राहिलो. आवाज ओळखीचा वाटला नाही. फाटकाबाहेर आलो आणि तू उभी राहायचीस तिथं थोडा वेळ थांबलो. तिथंही काही कळलं नाही.

आणि आज हे पत्र. हेडक्लार्कांनी लिहिलंय: बहिणीबद्दल ऐकून फार वाईट वाटलं, मात्र आता मूळ देशात जवळचं कोणी उरलं नाही असं लिहिता येईल, त्या खोडलेल्या कागदाची गरज राहिली नाही, तुझी बाजू पूर्वीपेक्षा बळकट झाली आहे. सोबत नवा अर्ज, सही करून घेऊन यायला.

तुला सांगायलाच हवं. ते वाचून क्षणभर मला आनंद झाला. खरोखरचा आनंद. मग मी चुलीपाशी जाऊन बसलो. तू जाऊन माझं काम सोपं केलंस, असा याचा अर्थ घेऊ? ज्या ओळीवर तू अंगठा दिला नाहीस, ती तू गेल्यावर आपोआप खरी झाली, असं मानू? त्या माणसाच्या मनात काही वाईट नाही. त्यांचा हिशेब बरोबरच आहे. म्हणून तर मला जास्त गोंधळायला होतं.

तू चुकलीस, असं मी अजूनही कधी कधी म्हणतो. एक ओळ होती, अक्का. तिच्यामुळं मी तिकडं निर्धास्त झालो असतो. आणि तू मला का नाही कळवलंस, मनात काय आहे ते? पंतांकडून चार शब्द लिहवले असतेस. मी एवढा परका झालो होतो का?

मी जाणार आहे. तुझी इच्छा कळली म्हणून नाही. ती मला कळलेलीच नाही. हातातलं काम तिकडं आहे, म्हणून जातो. घराची किल्ली सखूकडे दिली. “किती दिवसांसाठी?” तिनं विचारलं. मी तिला कुलूप कसं अडकतं ते दाखवलं.

पण एक शब्द देतो. नव्या अर्जात विचारलंय, मूळ देशात घर आहे काय. हेडक्लार्कांनी तिथं पेन्सिलीनं ‘नाही’ लिहून ठेवलंय, मी वर शाई फिरवायची एवढंच. मी ते पुसून ‘आहे’ लिहीन, खाली अमरावतीचा पत्ता. मग त्यांनी मला ठेवावं की पाठवावं, ते त्यांनी ठरवावं. साहेब विचारेल, घर आहे तर इथं कायमचं कशाला राहायचंय? त्याला काय सांगायचं, ते मला अजून माहीत नाही. पण खोटं सांगणार नाही.

तुझा,
बाबू